तीन स्तरांची मदत देताना या चुका टाळा

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी तीन स्तरांची मदत कागदावर फार देखणी दिसते. आधी अख्ख्या वर्गाला नीट शिकवायचं. तेवढ्यावर भागत नाही त्यांना तीन ते पाच जणांच्या गटात जादा वेळ द्यायचा. तरीही अडकलेल्यांना जवळजवळ एकेकट्याला घेऊन बसायचं. प्रत्यक्षात काय चालतं ते पाहिलं की कपाळाला हात लावावा लागतो.

पहिला मान निदान न करता गट पाडण्याचा. चाचणीत गुण कमी, म्हणून ‘गणितात कच्चा’, म्हणून जादा तास. आणि त्या तासात सकाळचाच धडा पुन्हा, फक्त हळू आणि मोठ्या आवाजात. एका शाळेत एक मुलगा असाच कित्येक आठवडे भागाकार गिरवत होता. वही उघडून पाहिली तर भागाकाराच्या पायऱ्या बरोबर, घोळ दरवेळी वजाबाकीत. त्याला 503 वजा 268 करायला दिलं. उत्तर आलं 365. म्हटलं, बोलून दाखव. ‘आठातून तीन गेले पाच, सहातून शून्य गेला सहा, पाचातून दोन गेले तीन.’ वर-खाली काहीही असो, मोठ्या अंकातून लहान काढायचा, हा त्याचा नियम! दशक सुटा करणं त्याच्या गावीच नव्हतं. मग काड्यांच्या मोळ्या घेऊन बसलो, शतकाचे दशक, दशकाचे एकक सोडवत. भागाकार वेगळा शिकवावा लागलाच नाही. चुकलेलं गणित मुलाकडून मोठ्याने करून घेतल्याशिवाय मी कुणालाही गटात घेत नाही. पाच मिनिटं लागतात, पण तेवढाही दम अनेकांना निघत नाही.

गटात निम्मा वर्ग येत असेल तर दोष मुलांचा नाही, पहिल्या स्तरावरच्या शिकवण्याचा आहे. तिथे साधारण 80 टक्के मुलांचं भागलं पाहिजे, असा ढोबळ हिशेब असतो. जादा वर्ग वाढवत बसू नका, शिकवणं बदला.

जादा तासासाठी मुलाला गणिताच्याच तासातून उठवू नका. खेळाच्या तासातून तर मुळीच नको.

नवख्यांची घाई वेगळीच. दोन चाचण्या वाईट गेल्या की ढकल तिसऱ्या स्तरात! मी दर आठवड्याला एक मिनिट वाचून घेतो, बरोबर वाचलेले शब्द मोजतो आणि आलेखावर ठिपका देतो. मुलाने किती वेगाने पुढे जावं ते दाखवणारी रेषा आलेखावर आधीच आखलेली असते. लागोपाठ चार ठिपके त्या रेषेखाली गेले की पद्धत बदलायची. एका ठिपक्यावर काही ठरवत नाही.

याच्या उलट टोक म्हणजे ‘आधी तिन्ही स्तर होऊ द्या, मग अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या मूळच्या अडचणीची) तपासणी बघू.’ अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाच्या 2004 च्या कायद्याने या स्तरांच्या पद्धतीला वाट करून दिली, आणि 2011 मध्ये तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याला राज्यांना बजावावं लागलं की तिच्या नावाखाली मुलाची तपासणी लांबवता येणार नाही. शंका आली की पालकांशी बोला, डोळे-कान तपासून घ्या आणि तपासणीचे कागद हलवा. गटातला तास तोवर चालूच ठेवा.