झाकलेले पान ओळखा: पत्ते मोजण्याचा सोपा सराव

पत्ते मोजणे म्हणजे 52 पाने पाठ करणे नव्हे. डोक्यात एकच आकडा धरायचा आणि पान बघून तो एकाने वाढवायचा, घटवायचा किंवा तसाच ठेवायचा. ब्लॅकजॅक या पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळातली ‘हाय-लो’ पद्धत यासाठी उत्तम. सरावाला मात्र पैसे लावायची काहीही गरज नाही. एक कॅट आणि घड्याळ पुरे.

जोकर काढून टाका. दुर्री ते छक्की ही लहान पाने अधिक 1. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का ही मोठी पाने उणे 1. लहान पाने 20, मोठीही 20, मधली 12. म्हणून पूर्ण कॅटची बेरीज शून्यच येते.

आणि म्हणूनच पूर्ण कॅट मोजत बसू नका. उत्तर आधीच ठाऊक असले की शेवटच्या आठ-दहा पानांत मन आकडा शून्याकडे ओढते. शिवाय दोन विरुद्ध चुका एकमेकींना फेडून टाकतात आणि आपले बरोबर आले असे वाटते.

त्याऐवजी पाने नीट पिसा, वरचे पान न बघता उपडे बाजूला ठेवा आणि उरलेली 51 पाने एकेक उलटत मोजा. बेरीज अधिक 1 आली तर झाकलेले पान मोठे, उणे 1 आली तर लहान, शून्य आली तर मधले. अधिक 2 किंवा उणे 3 असे काही आले, तर पान उघडण्याआधीच समजा की मोजणी चुकली.

मनात फक्त चालू बेरीज म्हणायची. पंजी, राजा, अठ्ठी, तिर्री, एक्का, राणी अशी पाने आली तर: 1, 0, 0, 1, 0, उणे 1. सुरुवातीला हमखास घोटाळा होतो तो इथे. पंजी दिसताच मन ‘पाच’ म्हणते आणि हातातली बेरीज निसटते. यावर उपाय म्हणजे आधी बेरीज करूच नका. नुसती पाने उलटत ‘वर’, ‘खाली’, ‘तसेच’ एवढेच मोठ्याने म्हणा. एकाही पानाला अडखळला नाहीत, की मग बेरीज जोडा.

दुसरी अडचण शून्याखाली. उणे 2 असताना लहान पान आले की उणे 1 व्हायला हवे, पण घाईत उणे 3 होते. फारच गोंधळ होत असेल तर काही दिवस 20 पासून मोजा, म्हणजे उणे आकडा येणारच नाही. पण ही कुबडी लवकर सोडलेली बरी.

पान उघडल्यावर फरक बघा. 1 ने चुकलात तर बहुधा एखादे पान सुटले किंवा मधले पान मोजले गेले. 2 ने चुकलात तर चिन्ह उलटले असण्याची शक्यता जास्त. नेमकी जागा शोधायची असेल तर पानांचा क्रम न मोडता दर 13 पानांनी बेरीज कागदावर लिहा आणि त्याच क्रमाने सावकाश पुन्हा मोजा.

सलग पाच डाव बरोबर आले की दोन-दोन पाने एकदम उलटा. लहान-मोठी जोडी आली की शून्य, बेरीज हलवायचीच नाही. वेग खरा वाढतो तो इथे, बोटे भराभर चालवून नव्हे. एक पान झाकल्यावर अंदाजानेही बऱ्याचदा उत्तर जुळते, त्यामुळे पुढे तीन पाने झाका: तुमची बेरीज अधिक 2 असेल, तर त्या तिघांची मिळून उणे 2 यायला हवी.

वेळ सर्वांत शेवटी लावा. सुरुवातीला कॅटला दोन मिनिटे लागली तरी चालतील. सरावलेले मोजणारे 30 सेकंदांचे लक्ष्य ठेवतात. वेग वाढवताना चुका होऊ लागल्या तर पाच-दहा सेकंद मागे या. 30 सेकंद जमू लागली की शेजारी कुणाला तरी गप्पा मारायला बसवा आणि उत्तरे देत मोजा. त्यात आकडा विसरलात तर अंदाजाने पुढे जाऊ नका. डाव तिथेच मोडा आणि पाने पुन्हा पिसा.