‘आज कचरा उचललाच नाही’ : ही तक्रार कशी सोडवावी

गोरेगाव ते कांदिवली पट्ट्यातल्या सोसायट्यांचा सुका कचरा आमचे दोन टेम्पो उचलतात आणि त्यांच्याबद्दलचे तक्रारीचे फोन गेली अकरा वर्षं मी घेते. एवढ्या काळात सल्ले भरपूर मिळाले. आवाज गोड ठेवा, आधी माफी मागा, चोवीस तासांत तक्रार बंद करा. माफी मागून गोणी जागची हलत नाही. आणि घाईने बंद केलेली तक्रार आठवड्याने चेअरमनच्या तोंडून परत येते, तेव्हा तिला व्याजही लागलेलं असतं.

आधी लिहून घ्या. इमारत, विंग, काय राहिलं, शेवटचं कधी उचललं, आत्ताचा फोटो. “तुमचं नेहमीचंच आहे” असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, तारीख विचारा.

कचरा आपला आहे का ते बघा. बाथरूम फोडल्याच्या लाद्या गेटपाशी पडल्या असतील तर ते डेब्रिज. त्यासाठी मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. रस्त्यावरचा ढीग असेल तर महापालिकेच्या १९१६ या नंबरवर तक्रार आणि वॉर्ड ऑफिसातला घनकचरा विभाग. ओल्या कचऱ्याची ओरड असेल तर सोसायटी केवढी आहे ते विचारा. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या किंवा २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं महापालिकेने २०१७ मध्येच सांगितलंय. “आमचं काम नाही” म्हणून फोन मात्र आपटू नका, कुठे जायचं ते सांगा. गोरेगावचा वॉर्ड पी-दक्षिण आणि कांदिवलीचा आर-दक्षिण. लोक त्यातलं ‘दक्षिण’ तेवढं लक्षात ठेवतात आणि भलत्याच ऑफिसात अर्धा दिवस घालवून येतात.

ड्रायव्हरला फोन करा. “गेला होतास का?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. “गेटवर कोण होतं? किती गोण्या घेतल्या?” असं विचारा.

आता खरी गोम. ड्रायव्हर म्हणतो, “गेलो होतो, पण माल मिक्स होता, म्हणून सोडला.” रहिवासी शपथेवर सांगतो की आम्ही ओला-सुका वेगळाच ठेवतो. इथे बहुतेक जण दोघांपैकी एकाला खोटं ठरवून मोकळे होतात. मीही व्हायचे.

सहा वर्षांपूर्वी गोरेगावातल्या एका सात मजली इमारतीतून जुलैमध्ये सलग तीन आठवडे हीच तक्रार येत होती. मी करू नये ते सगळं केलं. नोटीस बोर्डावर ‘ओला-सुका वेगळा करा’चा कागद लावला, सेक्रेटरींकडून परिपत्रक काढवलं. शेवटी एका बरबटलेल्या गोणीत कुरिअरचं पाकीट सापडलं, त्यावरचा फ्लॅट नंबर सेक्रेटरींना कळवला. त्या घरातल्या काकूंनी मला वर बोलावलं. ओट्याखाली दोन डबे, खिडकीत दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चिमट्याला टांगून वाळत घातलेल्या. “आता बोल,” म्हणाल्या. मला बोलायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी जिन्यात जाऊन उभी राहिले. सोसायटीचा झाडूवाला सातव्या मजल्यावरून एकच निळा पिंप खांद्यावर घेऊन उतरत होता. लिफ्टच्या दारावर पाटी होती, ‘नोकर व फेरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’. अठ्ठावीस घरं, छप्पन्न डबे, सगळे त्या एका पिंपात. एरवी तो खाली येऊन हातानेच सुकं बाजूला काढायचा. पाऊस लागला की उघड्यावर बसून निवडणार कसा? सगळं एकाच गोणीत जायचं. काकू खऱ्या होत्या, ड्रायव्हरही खरा होता. कचरा मिक्स व्हायचा तो जिन्यात.

तोडगा साधा होता: दुसरा झाकणाचा पिंप, पत्र्याचं छप्पर आणि सकाळी साडेसहा ते सव्वासात लिफ्टची परवानगी. पिंप आणि छप्पर एका मीटिंगमध्ये मंजूर झालं. लिफ्टला मात्र दोन मीटिंगा लागल्या, कारण लिफ्टला वास येईल म्हणे. स्वतःच्याच घरचा वास.

तेव्हापासून माझा नियम असा की ‘मिक्स’ हा शब्द ऐकला की कचऱ्याच्या वाटेने चालत जायचं. घरातला डबा, जिना, गेटचा कोपरा, टेम्पो. उचलायच्या वेळेलाच जा आणि कोणाला सांगून जाऊ नका. सेक्रेटरींना आधी कळवलंत तर त्या दिवशी सगळं आरशासारखं लख्ख असतं.

एक ताकीद. झाडूवाल्याचं नाव लेखी कळवू नका. मी एका सोसायटीत कळवलं होतं. त्याला काढलं, नवा माणूस आला आणि महिन्याभरात गोण्या पुन्हा तशाच, कारण पिंप एकच होता. काढलेला माणूस पुढे नाक्यावर दिसला तेव्हा मीच रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

दुसरी गोष्ट, कधीकधी घोळ आपल्याच टेम्पोत असतो. आमच्या हेल्परने घाईत ओली गोणी पुठ्ठ्यांवर टाकली आणि वरच्या खिडकीतून कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. अशा वेळी चौकशी चालू आहे वगैरे सांगू नका. चूक आमची, एवढं म्हणा आणि टेम्पोत मधोमध फळी ठोका.

हेल्परने उघडे सॅनिटरी पॅड किंवा डायपर पाहून गोणी ठेवून दिली असेल, तर मी त्याच्या बाजूने. ते गुंडाळून द्यायचे, असं घनकचरा नियमांतच आहे. ग्राहक कितीही चिडो, इथे मी माघार घेत नाही.

राहिलेला कचरा त्याच दिवशी उचला. कारण काहीही निघो. भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, तरी उचला.

तक्रार बंद करायची घाई नको. आमची फेरी एक दिवसाआड असते. लागोपाठ दोन फेऱ्या नीट झाल्या की मी तक्रार करणाऱ्याला फोन करते. तो बहुतेकदा “असेल, बघितलं नाही” म्हणतो. सकाळी आठला घरी असतं कोण? म्हणून दुसरा फोन वॉचमनला. “हो ताई, दोन गोण्या गेल्या, कोपरा पण झाडून गेले,” असं तो म्हणाला की मी वहीत त्या ओळीवर काट मारते.