फ्लूची लस मृगाच्या आधी कशी घ्यावी

फ्लू हा थंडीचा आजार, असे आपण धरून चालतो. महाराष्ट्रात मात्र त्याची मोठी लाट बहुधा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येते आणि दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे २ आठवडे लागत असल्याने मराठवाड्यात ही लस मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत घेऊन टाकावी, म्हणजे ७ जूनच्या सुमारास मृग निघेपर्यंत अंगात बळ आलेले असते. ऊसतोडीहून परतलेली बीडकडची कुटुंबे तेव्हा गावातच असतात, शाळा उघडायच्या असतात, आणि पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघणाऱ्या वयस्कर वारकऱ्यांनाही ही वेळ सोयीची पडते. तेव्हा राहून गेलीच, तर पावसाळ्यातही घेता येते.

लस ६ महिन्यांवरील कोणालाही देता येते. घरात सर्वांचा खर्च झेपत नसेल, तर साठी ओलांडलेले, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, लहान मुले आणि गर्भवती यांना आधी द्यावी. ९ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच लस घेत असेल, तर त्याला किमान ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस लागतात. त्याची सुरुवात म्हणूनच एप्रिलमध्ये करावी.

ही लस बालकांच्या नेहमीच्या मोफत लसीकरणात नाही. गर्भवती आणि जोखमीच्या रुग्णांसाठी शासकीय रुग्णालयात कधी कधी ती मोफत मिळते, म्हणून आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी चौकशी करावी. खासगी दवाखान्यात हजार-दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. फोन करताना किमतीबरोबरच लस कोणत्या वर्षीची आहे, हेही विचारावे. विषाणू बदलत राहतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना लसीतील घटक फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी नव्याने सुचवते. पावसाळ्यापूर्वी घेताना त्या वर्षीची दक्षिण गोलार्धाची लस मागावी आणि वेष्टनावरची मुदत स्वतः वाचावी.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४० अंशांच्या वर असतो. त्यातून वीज गेली, तर फ्रिजही फार वेळ साथ देत नाही. म्हणून मेडिकलमधून लस आणून दवाखान्यात नेण्यापेक्षा जिथे ती नीट साठवली आहे, तिथेच टोचून घेणे मला अधिक बरे वाटते. आणावीच लागली, तर आइस बॉक्समधून आणावी, पण बर्फाला थेट चिकटवून ठेवू नये. रसवंतीवरचा बर्फ पिशवीत भरून त्यातच लस खुपसणारे लोक दिसतात. गोठलेली लस मात्र तापलेल्या लसीइतकीच निकामी होते आणि ती टाकूनच द्यावी लागते.

टोचण्याच्या दिवशी ताप किंवा मोठे आजारपण असेल, तर बरे होईपर्यंत थांबावे. पूर्वी या लसीची तीव्र ॲलर्जी झाली असेल किंवा गिलियन-बॅरे हा मज्जातंतूंचा आजार होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे, म्हणजे टोचलेली जागा जरा जास्त वेळ दाबून धरली जाईल. माळकरी मंडळी लसीत अंडे असते का, असे हमखास विचारतात. बहुतेक लसींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. शुद्धीकरणानंतर प्रथिनांचा अगदी अल्प अंश उरतो. हे लपवू नये. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

मोठ्यांना दंडात सुई दिली जाते. त्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे, कारण क्वचित होणारी तीव्र ॲलर्जी बहुधा तेवढ्या वेळातच दिसते. एक-दोन दिवस दंड दुखेल, अंग कसकसेल, बारीक ताप येईल. सुईने दिल्या जाणाऱ्या या लसीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो गंभीर होण्याची शक्यता कमी होते. तरीही वयस्कर, गर्भवती किंवा जुनाट आजाराच्या माणसाला अचानक ताप व खोकला आला, तर लस घेतली आहे म्हणून वाट पाहू नये. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले, तरच सर्वाधिक उपयोगी पडते आणि धाप लागली, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.