क्योटोचा कालवा पाण्याच्या मागोमाग चालायचा असेल तर

क्योटोला निघालेला प्रत्येक ठाणेकर यादीत ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’ लिहितोच. मग टूरवाला सांगेल तसं गिनकाकु-जी देवळापाशी बसमधून उतरायचं आणि कालव्याकाठाने दक्षिणेकडे चालू लागायचं. माझं म्हणणं, उलटे चला. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे कालवा शीर्षाकडून पुच्छाकडेच, म्हणजे पाणी येतं तिथून जातं तिकडे, पाहायचा हे अंगात भिनलंय. पण माझी खोड बाजूला ठेवली तरी दक्षिणेकडून निघणं तुमच्याच सोयीचं आहे, कारण सकाळी गर्दी बहुतेक उत्तर टोकाला उतरते.

सुरुवात केआगे स्टेशनपासून करा. क्योटो स्टेशनवरून कारासुमा लाइनची मेट्रो, कारासुमा-ओइकेला बदलून तोझाई लाइन. सातच्या सुमारास केआगेला उतरलात तर उत्तम. बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर विटांचा एक बुटका बोगदा लागतो, नाव नेजिरिमानपो. आत शिरून वर बघा. विटांचे थर सरळ नाहीत, पीळ दिल्यासारखे तिरके फिरत गेलेत. बोगद्याच्या डोक्यावरून रूळ तिरके जातात, त्यांचं वजन पेलायला ही रचना केली. लोक इथे फोटो काढून दोन मिनिटांत सटकतात. तुम्ही पाच मिनिटं द्या.

ते वरचे रूळ म्हणजे केआगेचा इन्क्लाइन. कालव्यातून आलेल्या होड्या चाकांच्या गाड्यावर चढवून इथून उतारावरून खाली सोडत आणि खालच्या वर ओढत. मधला चढ साधारण 36 मीटरचा, रुळांची लांबी 582 मीटर. 1948 मध्ये हे काम थांबलं. आता रुळांमधून लोक चालतात, दोन्ही बाजूंना चेरीची झाडं आहेत. खडीवर पाय मुरगळतो, त्यामुळे चपला नकोत, बूट घाला.

हा खटाटोप कशासाठी, तेही चालता चालता लक्षात ठेवा. 1869 मध्ये राजधानी टोकियोला गेली आणि क्योटो ओस पडायला लागलं. शहर सावरायचं म्हणून शेजारच्या बिवा सरोवराचं पाणी डोंगरातून बोगदे काढून आणायचं ठरलं. 1885 ला काम सुरू, 1890 ला पूर्ण. जबाबदारी दिली तानाबे साकुरोवर, जो 1883 मध्ये कॉलेजातून नुकता बाहेर पडला होता! आमच्या खात्यात त्या वयाच्या पोराला मोजमाप पुस्तिका सोडून काही हातात मिळत नसे. मोठा बोगदा 2,436 मीटरचा. वरून उभी विहीर खणून मधूनही दोन्ही दिशांना काम चालवलं. पुढे त्याच पाण्यावर केआगेला वीज तयार झाली, 1891 पासून. इन्क्लाइनच्या वरच्या टोकाला तानाबेचा पुतळा आहे. खालच्या टोकाजवळ कालव्याचं छोटं संग्रहालय आहे, फुकट, पण सकाळी सातला उघडं नसतं. आवड असेल तर दुपारी परत या, सोमवार टाळा.

नेजिरिमानपोतून पुढे गेलात की नानझेन-जी देऊळ. आवारात फिरायला पैसे लागत नाहीत. भलामोठा लाकडी दरवाजा ओलांडून उजवीकडे वळा. देवळाच्या आवारात विटांच्या कमानींची रांग दिसेल. हा सुइरोकाकु, 93 मीटर लांबीचा जलसेतू, 1888 मधला. देवळाची शोभा जाईल म्हणून तेव्हा विरोध झाला होता; आज लोक देवळापेक्षा त्याचेच फोटो जास्त काढतात. शेजारच्या पायऱ्यांनी वर जा. कमानीवरच्या पाटातून पाणी अजूनही वाहतंय. मुख्य कालव्यातून फुटलेला हाच शाखा कालवा तुम्हाला पुढे काठावर भेटणार आहे.

नानझेन-जीहून एइकान-दो देवळावरून न्याकुओजी देवस्थानापर्यंत वस्तीतला रस्ता आहे. पाणी मधे बोगद्यात जातं आणि न्याकुओजीपाशी पुन्हा उघड्यावर येतं. इथून गिनकाकु-जीपर्यंत साधारण दोन किलोमीटर कालव्याकाठ. तत्त्वज्ञ निशिदा कितारो इथे फिरायचे म्हणून हे नाव, पण मुळात ही कालव्याच्या देखभालीची वाट. पायाखालचे दगडी पट्टे शहरातली ट्राम बंद झाल्यावर तिच्या रुळांमधून काढून इथे बसवले. पाण्यावरच्या एखाद्या पानाकडे लक्ष ठेवा, ते उत्तरेकडे जाईल. क्योटोची जमीन दक्षिणेकडे उतरते, कामो नदीही दक्षिणेला वाहते, आणि हा कालवा डोंगराच्या पायथ्याने समपातळी धरून उलटा नेलाय. उतार इतका थोडा की चालताना कळतच नाही. ठाण्यातल्या कचराळी तलावाला रोज फेऱ्या मारणाऱ्या माणसाला हे अंतर काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल तो फक्त सुइरोकाकुच्या पायऱ्यांवर आणि शेवटी गिनकाकु-जीच्या चढावर. आजी-आजोबांना पायऱ्या चुकवून खालून कमानी दाखवा, पुरेसं आहे.

वाटेत होनेन-इन देवळाकडे वळा. गवताने शाकारलेला दरवाजा, आत पांढऱ्या वाळूचे दोन सपाट ढीग आणि त्यांच्यामधून जायची वाट. सकाळी सहापासून उघडं, आवारात जायला तिकीट नाही. गिनकाकु-जीपेक्षा मला हेच आवडतं. गिनकाकु-जी साडेआठला उघडतं, हिवाळ्यात नऊला; तुम्ही पोचाल तेव्हा रांग असणारच. त्याला इलाज नाही, पण काठ तरी शांतपणे मिळालेला असेल.

कधी जायचं? चेरीसाठी एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे आपल्याकडे परीक्षांचे दिवस. काठावरची मूळ झाडं चित्रकार हाशिमोतो कान्सेत्सु यांनी 1921 मध्ये दिलेली. तो आठवडा फोटोत छान, चालायला गैरसोयीचा. मेची सुट्टी चांगली, फक्त महिन्याचा पहिला आठवडा सोडा, तेव्हा जपानी माणसंच सुट्टीवर असतात. जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी काठावर काजवे दिसतात, पण मग पावसाळा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी जमेल तेवढं उशिरा जावं, मेपल खरे रंगतात ते नोव्हेंबरच्या उत्तरार्धात.

खाण्याचं बघून घ्या. नानझेन-जीजवळ युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं टोफू, प्रसिद्ध आहे. पण शाकाहारी लोकांनी सोबतचा रस्सा माशाचा आहे का हे विचारल्याशिवाय चमचा लावू नये. तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्यात तर बाकावर बसून खा, चालता चालता नको. कचराकुंड्या जवळपास नसतातच, तेव्हा रिकामी पिशवी खिशात हवी.

परतीच्या बसला दहानंतर उभं राहायलाही जागा मिळत नाही. पाय साथ देत असतील तर इमादेगावा रस्त्याने सरळ पश्चिमेला चाला. दोनेक किलोमीटरवर देमाचियानागी स्टेशन, तिथून केइहान लाइनने गिओन-शिजो. थकला असाल तर बसच पकडा. बसमध्ये मागच्या दाराने चढतात, पुढच्या दाराने उतरताना पैसे देतात, म्हणून सुटे आधीच हातात ठेवा.