चाच्यांचे बेट बांधताना या चुका टाळा

लेगोच्या ठोकळ्यांतून चाच्यांचा बेटावरचा गुप्त अड्डा उभा करायचा, असे ठरवल्यावर जवळजवळ प्रत्येक नवशिक्या पहिल्याच संध्याकाळी डोंगराच्या दर्शनी बाजूला कवटीचा चेहरा बांधतो. डोळ्यांच्या खोबणी, दातांची रांग आणि वर काळे निशाण हे सगळे दोन तासांत तयार होते, आणि पुढचे दोन महिने त्या कवटीमागे उरलेले बेट कसे बसवायचे याच्याशी झुंजण्यात जातात. अशी बरीच बेटे मी दुरुस्त करून दिली आहेत. त्या सर्वांत मूळ दोष एकच होता: अड्डा ही होडी आत आणण्याची आणि लपवण्याची जागा आहे, हे बांधणाऱ्याच्या ध्यानात राहिले नव्हते.

होडीचा विचार न करता डोंगर रचणे

खरे अड्डे कसे होते, हे आधी पाहावे. १८ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बहामातील न्यू प्रॉव्हिडन्स बेटावरचे नासाऊ हे चाच्यांचे मोठे ठाणे होते आणि ते बेट सखल आहे. तिथे चाचे टिकले ते पाण्यामुळे. बंदर उथळ असल्याने मोठ्या युद्धनौकांना आत शिरणे अवघड जाई, तर चाच्यांची हलकी गलबते सहज ये-जा करत. शिवाय समोरच्या लहान बेटामुळे बंदराला दोन तोंडे होती. १७१८ मध्ये नवे गव्हर्नर वूड्स रॉजर्स जहाजे घेऊन आले, तेव्हा चार्ल्स व्हेन या चाच्याने एक पेटते जहाज त्यांच्या दिशेने सोडले आणि तो स्वतः दुसऱ्या तोंडाने निसटला. आपल्या नमुन्यातही दुसरी वाट असलीच पाहिजे. एकाच वाटेचा अड्डा चाच्यांसाठी सापळा ठरतो.

जहाजाच्या लाकडी तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटत, उबदार समुद्रात लाकूड पोखरणारे किडेही लागत. त्यामुळे अधूनमधून जहाज वाळूवर एका कुशीवर कलंडवून तळ खरवडावा लागे, आणि त्या दिवसांत चाचे सर्वांत असहाय असत. लपण्याची जागा त्यांना मुख्यतः यासाठी आणि गोड्या पाण्यासाठी हवी असे. तरीही नवशिक्यांच्या बेटावर खजिन्याच्या चार पेट्या असतात आणि उताराची वाळू मात्र कुठेच नसते. खजिना पुरल्याची भक्कम नोंद म्हणून प्रामुख्याने १६९९ मधील, न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावरचा कॅप्टन किडचा खजिना सांगितला जातो, तेव्हा एक पेटी पुरे. मी आधी किमान दहा स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) रुंदीचा वाळूचा उतार आखतो आणि मगच डोंगराला जागा देतो.

मापेही याच टप्प्यावर ठरतात. लेगोची नेहमीची वल्ह्यांची होडी १४ स्टड लांब आणि ५ स्टड रुंद असते. गुहेचे तोंड आठ स्टडपेक्षा अरुंद ठेवले, तर ती आत नेताना बोटे अडकतात. वल्ही पसरलेली दाखवायची असतील, तर त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंदी लागते. मिनिफिगरची, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसाची, उंची साधारण चार ब्रिकची (नेहमीच्या उंच ठोकळ्यांची) असते, त्यावर टोपी येते आणि होडीत उभा राहिल्यावर तो आणखी वर जातो, म्हणून तोंडाची उंची आठ ब्रिकपेक्षा कमी ठेवू नये.

गुहेचे तोंड थेट समोर उघडे ठेवणे ही याच चुकीची धाकटी बहीण आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाणाऱ्यांनी अनुभवले असेल की किल्ला कधीपासून समोर दिसत असतो, पण दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तोच विचार इथे लावावा: तोंड थोडे तिरके वळवून त्याच्यापुढे खडकाचा एक पाखा आणावा. (मात्र कोकणातील जलदुर्गांचे नमुने करून त्यांवर कवटीचे निशाण लावणाऱ्यांबद्दल मला खेद वाटतो. कान्होजी आंग्रे यांना चाचा म्हणणारे त्यांचे इंग्रज शत्रू होते.)

बेसप्लेटवर विसंबणे

या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी ४८ बाय ४८ स्टडच्या, म्हणजे ३८.४ सेंटिमीटर बाजूच्या एकाच बेसप्लेटवर (पायासाठी मिळणाऱ्या सपाट चौकोनी पत्र्यावर) बेट बांधले होते. डोंगर २६ ब्रिक उंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर होता. दिवस कमी उरल्यामुळे आतला भराव मी स्तंभांसारखा रचला. एकाच मापाचे ठोकळे एकावर एक सरळ चढवले आणि बाहेरचा खडकाचा थर त्यांना फक्त शिखराजवळ जोडला. टेबलावर असेपर्यंत ते बेट अतिशय देखणे दिसत होते. प्रदर्शनाच्या सकाळी दोन्ही कडांना धरून ते उचलले, तेव्हा बेसप्लेट मध्ये वाकली, डोंगराच्या पायथ्याची एक बाजू सुटली आणि रिक्षात पहिल्याच गतिरोधकावर गुहेचे छत, तोफेचा बुरूज आणि निम्मा डोंगर माझ्या मांडीवर आला. सभागृहात पोहोचल्यावर जे सावरता आले ते सावरले. पूर्ण दुरुस्तीला नंतर तीन संध्याकाळी लागल्या.

बेसप्लेट पातळ असते, वजनाखाली वाकते आणि तिच्या खालच्या बाजूला काहीही जोडता येत नाही. सपाट मैदानावरच्या घरासाठी ती चालते, पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पाणी असलेल्या बेटाचे असमान वजन तिला पेलत नाही. खुद्द कंपनीचा प्रवास पाहण्यासारखा आहे: १९८९ मधील एल्डोराडो फोर्ट्रेस हा संच चढ आणि खड्डा असलेल्या साचेबंद बेसप्लेटवर उभा होता, तर २०२३ मध्ये आलेली त्याची २,५०९ तुकड्यांची नवी आवृत्ती हलवून वेगळ्या रीतीने मांडता येणाऱ्या स्वतंत्र भागांत बांधली आहे.

माझी सवय आता अशी आहे. खाली प्लेटचा (पातळ, चपट्या ठोकळ्यांचा) एक थर, त्यावर ब्रिकची शिडीसारखी चौकट आणि वर पुन्हा प्लेटचा थर असा पाया मी स्वतः बांधतो, आणि खालच्या थराचा कुठलाही सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाही. गवंडी भिंत बांधताना हीच काळजी घेतो. प्लेट ३.२ मिलिमीटर आणि ब्रिक ९.६ मिलिमीटर उंच असल्याने या पायाची उंची १६ मिलिमीटर भरते. स्टडमधील अंतर ८ मिलिमीटर असते, म्हणजे ही उंची नेमकी दोन स्टडच्या रुंदीइतकी येते आणि पायाच्या कडेला स्टड बाहेरच्या बाजूला येतील असे ठोकळे लावून त्यांवर दोन स्टड रुंदीच्या टाइल (वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे) बसवल्या, तर फट न राहता कड बंद होते. मोठे बेट असेल तर त्याचे दोन भाग करून ते लेगोच्याच टेक्निक मालिकेतल्या पिनांनी जोडतो आणि ने-आण करताना खाली प्लायवूडची फळी ठेवतो. या कामाला दोन संध्याकाळी जातात आणि त्यातले काहीही पाहणाऱ्याला दिसत नाही. म्हणूनच घाई असणारे नेमके हेच वगळतात.

खडक

एकाच राखाडी रंगाचे उतरते स्लोप रचले की खडक होत नाही, चुन्याच्या ढिगासारखा आकार होतो. हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी जाऊन पाहावे: भरतीच्या रेषेखालचा ओला कातळ काळपट असतो आणि वरचा कोरडा भाग फिका पडत जातो. खाली गडद राखाडी, वर फिका राखाडी आणि मधूनमधून वाळूचा व शेवाळी हिरवा रंग एवढ्यानेही दगड जिवंत होतो. तयार मिळणारे मोठे पोकळ खडक, ज्यांना शौकीन मंडळी ‘बर्प’ म्हणतात, दर्शनी बाजूला लावू नयेत. आतल्या आधारासाठी मात्र ते उत्तम आहेत आणि ठोकळेही वाचवतात.

संगणकावरील आराखड्यावर आंधळा विश्वास

ब्रिकलिंकचा स्टुडिओ हा मोफत प्रोग्राम मीही वापरतो, पण पडद्यावर ठोकळ्यांना वजन नसते. लांबवर पुढे आलेला सज्जा तिथे वर्षभर तरंगत राहील आणि प्रत्यक्षात पाच मिनिटांत खाली येईल. पडद्यावर एखाद्या तुकड्याला मनाजोगता रंग देता येतो, पण त्या रंगात तो तुकडा कधी तयार झालेलाच नसतो. त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी यादीतला प्रत्येक तुकडा त्या रंगात मिळतो का, हे तपासावे. अवघड भाग मी आधी हाती असतील त्या कोणत्याही रंगांच्या ठोकळ्यांत बांधून पाहतो आणि एक रात्र तसाच ठेवतो.

आत हात न पोहोचणे

डोंगराच्या पोटात कोठार, स्वयंपाकाची जागा आणि कैदखाना बांधून वरून छत कायमचे बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि इतक्या मेहनतीचे काम कुणालाच दिसू नये याचे मला फार वाईट वाटते. डोंगराची मागची बाजू दारासारखी उघडू द्यावी. बिजागऱ्या फक्त वर लावल्या तर उघडणारा भाग वजनाने ओणवतो, म्हणून त्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी एका रेषेत असाव्यात. त्या भागाच्या खालून जाणाऱ्या जमिनीवर गुळगुळीत टाइल लावाव्यात, म्हणजे भार जमिनीवर राहतो आणि दार न अडकता सरकते.

नारळाची सगळी झाडे काटकोनात उभी करू नयेत, समुद्राकडे थोडी झुकवावीत. डिंक किंवा गोंद कधीही वापरू नये. जोड सैल असेल तर रचना चुकलेली आहे. तयार बेट खिडकीत ठेवू नये, उन्हाने पांढरे ठोकळे पिवळे पडतात. उथळ पाणी दाखवण्यासाठी किनाऱ्याकडून वाळूचा रंग, फिकट निळा, निळा आणि गडद निळा अशा पट्ट्या अंथरून त्यांवर पारदर्शक टाइल लावाव्यात, आणि हे काम होडी दोन्ही तोंडांतून आत-बाहेर फिरवून पाहिल्यानंतरच हाती घ्यावे, कारण टाइल बसल्यावर खडक अर्धा स्टड सरकवायचा झाला, तरी ते सगळे पाणी उचकटावे लागते.