अनुभवी वाइड रिसीव्हर ड्राफ्ट करताना या चुका टाळा

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतल्या बहुतेक फॅन्टसी फुटबॉल लीगचे ड्राफ्ट होतात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंतून फेरीफेरीने (राउंडनुसार) आपापला संघ निवडला जातो, आणि ऑफिसच्या लीगमध्ये सहकाऱ्यांच्या आग्रहाने सामील झालेले मराठी वाचकही त्यात असतात. दर सामन्याला नवा संघ बांधण्याची फॅन्टसी क्रिकेटची सवय तिथे फारशी उपयोगाची नाही, कारण एकदा निवडलेला खेळाडू सोडला किंवा ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) केला नाही, तर पूर्ण हंगाम आपल्याच माथी असतो आणि त्याच्यावर खर्च केलेला राउंड परत मिळत नाही. तिशी ओलांडलेल्या नामांकित वाइड रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत हा खर्च सर्वाधिक फसतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: मागील हंगामाची बेरीज एकसंध आकडा म्हणून वाचली जाते. ती बेरीज कोणत्या आठवड्यांत, कोणत्या क्वार्टरबॅककडून (पास फेकणाऱ्या खेळाडूकडून) आणि कशाच्या जोरावर जमली, हे कोणी पाहत नाही. पुढील सर्व हिशेब पीपीआर पद्धतीचे आहेत, म्हणजे प्रत्येक झेलाला 1 गुण, दर 10 यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोललाइनपलीकडे नेण्याला) 6 गुण.

हंगामाचे दोन तुकडे न करणे

ॲडम थीलन 2023 मध्ये कॅरोलायना पँथर्सकडून पहिला हंगाम खेळला तेव्हा तो 33 वर्षांचा होता. ब्राइस यंग हा नवखा क्वार्टरबॅक आणि हंगामाअखेर केवळ दोन विजय मिळवणारा संघ, अशा परिस्थितीतही त्याने 103 झेल आणि 1,014 यार्ड मिळवले. वर्षअखेरीच्या तक्त्यात हा हंगाम भरघोस दिसतो. मात्र पहिल्या सहा सामन्यांत त्याचे 49 झेल, 509 यार्ड आणि चार टचडाउन होते, तर उरलेल्या अकरा सामन्यांत 54 झेल, 505 यार्ड आणि एकही टचडाउन नव्हता. गुणांच्या भाषेत सांगायचे तर सामन्यामागे 20 हून अधिक गुण देणारा खेळाडू ऑक्टोबरच्या मध्यानंतर साडेनऊवर आला. फॅन्टसीचे बाद फेरीचे सामने साधारणतः 15 ते 17 या आठवड्यांत होत असल्याने ज्याने केवळ बेरीज पाहिली, त्याच्या नजरेतून नेमका निर्णायक काळ सुटला.

कूपर कप याचे 2024 मधील उदाहरणही असेच आहे. त्याचा सहकारी रिसीव्हर पुका नकुआ दुखापतीतून परतल्यावर रॅम्सच्या पासिंगचा ओघ हळूहळू त्याच्याकडे वळला आणि 15व्या आठवड्यात फोर्टीनायनर्सविरुद्ध कपला एकही झेल घेता आला नाही. म्हणून प्रत्येक अनुभवी खेळाडूच्या नोंदीतील शेवटचे सहा-सात सामने वेगळे काढून, त्यांत त्याच्याकडे किती पास फेकले गेले, म्हणजे किती टार्गेट मिळाले, हे आधी पाहावे. झेल आणि यार्ड त्यानंतर.

टचडाउनची संख्या कायमची मानणे

माइक एव्हान्सच्या तीन हंगामांची तुलना इतकी बोलकी आहे की ती प्रत्येकाने एकदा करून पाहावी. 2021 मध्ये 74 झेल, 1,035 यार्ड आणि 14 टचडाउन. 2022 मध्ये 77 झेल, 1,124 यार्ड आणि 6 टचडाउन. 2023 मध्ये 79 झेल, 1,255 यार्ड आणि 13 टचडाउन. झेल आणि यार्ड दरवर्षी वाढत असताना टचडाउन निम्म्याहून खाली गेले आणि पुन्हा दुप्पट झाले. आठ टचडाउनचा फरक म्हणजे 48 गुण, आणि एव्हान्सचे कौशल्य त्या एका वर्षात नाहीसे झाले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्याहून बोचरी बाब अशी की 2022 मधील सहांपैकी तीन टचडाउन 17व्या आठवड्यातील एकाच सामन्यात, पँथर्सविरुद्ध, आले. 5व्या ते 16व्या आठवड्यापर्यंत एकही नव्हता. ज्यांचा संघ तोपर्यंत बाद झाला होता, त्यांना या पराक्रमाचा काहीच लाभ झाला नाही.

सहा फूट पाच इंच उंचीच्या खेळाडूला गोललाइनजवळ पास अधिक मिळतात, त्यामुळे एव्हान्सकडून सरासरीपेक्षा थोडे अधिक टचडाउन अपेक्षिणे गैर नाही. परंतु चौदा टचडाउनच्या वर्षानंतर चौदाचेच दाम मोजणे मात्र गैर आहे. याउलट, यार्ड टिकून टचडाउन घसरलेल्या वर्षानंतर असा खेळाडू स्वस्तात मिळतो आणि तीच खरेदी मला अधिक शहाणपणाची वाटते.

सामन्यामागील सरासरीवर विसंबणे

दुखापतींमुळे कमी सामने खेळलेल्या खेळाडूची सरासरी काढून ती सतराने (हंगामातील सामन्यांच्या संख्येने) गुणण्याचा मोह अनेकांना होतो. हुलियो जोन्सने 2020 मध्ये अटलांटा फाल्कन्ससाठी नऊच सामने खेळले, पण त्यांत 771 यार्ड, म्हणजे सामन्यामागे सुमारे 86 यार्ड मिळवले. सरासरी तरण्या खेळाडूला शोभणारी होती. 2021 मध्ये टेनेसी टायटन्सकडे गेल्यावर मात्र दहा सामन्यांत त्याला अवघे 434 यार्ड आणि एक टचडाउन मिळाला. त्याचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दोन्ही वर्षी दुखावला होता. टक्करीत मोडलेले हाड जुळून येते; हॅमस्ट्रिंगसारखा स्नायू एकदा ताणला गेला की तो पुन्हा दुखावण्याची शक्यता वाढते, त्यामुळे या दोन दुखापतींना एकाच मापाने मोजू नये. कपने 2021 मध्ये 145 झेल आणि 1,947 यार्डांचा असाधारण हंगाम दिला, पण पुढील तीन वर्षांत तो अनुक्रमे 9, 12 आणि 12 सामने खेळला. तिसऱ्या वर्षानंतरही त्याला दुर्दैव म्हणणे हे विश्लेषण नव्हे.

संघ बदलला तरी जुने टार्गेट धरणे

कीनन ॲलनने 2023 मध्ये चार्जर्ससाठी तेरा सामन्यांत 150 टार्गेटमधून 108 झेल घेतले. बेअर्सकडे गेल्यावर 2024 मध्ये पंधरा सामन्यांत त्याला 121 टार्गेट आणि 70 झेल मिळाले. टचडाउन दोन्ही वर्षी सातच होते, तरीही त्याचे सामन्यामागील गुण सुमारे 21 वरून साडेबारापर्यंत खाली आले. वय एकाच वर्षाने वाढले होते; बदलले होते ते चेंडूचे वाटेकरी. डी. जे. मूर आधीच संघात होता, रोम ओडुन्झे हा रिसीव्हर खऱ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडमध्ये निवडला गेला होता आणि केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक नवखा होता. नव्या संघात आपला खेळाडू कोणाच्या वाट्यातून टार्गेट घेणार, या प्रश्नाला नावानिशी उत्तर देता येत नसेल, तर त्याला एक-दोन राउंड उशिरा घ्यावे.

केवळ वय पाहून नाव खोडणे

लॅरी फिट्झजेराल्ड 2012 ते 2014 या तिन्ही हंगामांत हजार यार्डांपर्यंत पोहोचला नाही आणि अनेकांनी त्याला संपलेला मानले. 2015 पासून, म्हणजे वयाच्या बत्तिशीत, त्याने सलग तीन वर्षे 109, 107 आणि 109 झेल घेतले. प्रशिक्षक ब्रूस एरियन्स यांनी त्याला बाहेरच्या बाजूऐवजी प्रामुख्याने स्लॉटमध्ये (आतल्या बाजूच्या जागी) खेळवले, जिथे वेगापेक्षा अचूक रूट (धावण्याचा ठरलेला मार्ग) आणि खात्रीचे हात अधिक कामी येतात. वेग घटलेल्या खेळाडूची जागा बदलली आहे का, हे प्रशिक्षण शिबिराच्या बातम्यांतून कळू शकते. प्रीसीझन (हंगामापूर्वीच्या सराव) सामन्यांतील आकड्यांतून नाही, कारण तिथे ज्येष्ठ खेळाडूंना बहुधा उतरवलेच जात नाही.

एवढी छाननी केल्यावरही अंदाज चुकू शकतो, म्हणून अशा खेळाडूला आपला पहिला रिसीव्हर करण्याऐवजी दुसरा किंवा तिसरा करावा आणि बेंचवर वाढत्या टार्गेटचा एखादा तरुण ठेवावा. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे तो अनुभवी खेळाडू तळपला, तर लीगची ट्रेडची मुदत तपासून त्याच्या बदल्यात काय मिळते, हे ऑक्टोबरमध्येच विचारून पाहावे.