एकाच सॉकेटवर आरएस-२३२ आणि आरएस-४८५ : मॅक्स३१६० चिप कशी जोडावी

दूध संकलन केंद्रातला इलेक्ट्रॉनिक काटा वजन पाठवतो आरएस-२३२ ने, म्हणजे वायरीवरून एकामागून एक बिट पाठवायच्या एका पद्धतीने. पॅनलमधला वीजमीटर मॉडबसवर (उपकरणांच्या संवादाच्या ठरलेल्या नियमांनी) बोलतो, तो आरएस-४८५ या दुसऱ्या पद्धतीने. दोघांशी बोलणारा एकच डबा बनवायचा तर मॅक्सिमची मॅक्स३१६० चिप पुरते. तिच्यात आज्ञावली भरायची नसते; मायक्रोकंट्रोलरने काही पिन हाय-लो केल्या की ती रूप बदलते. एका रूपात आरएस-२३२ चे दोन ट्रान्समीटर व दोन रिसीव्हर, दुसऱ्या रूपात आरएस-४८५ चा एकच ट्रान्सीव्हर (ट्रान्समीटर व रिसीव्हर मिळून).

जोडण्याआधी दोन्ही पद्धतींतला फरक पक्का करा. आरएस-२३२ मध्ये प्रत्येक सिग्नलची वायर वेगळी असते आणि तिचे व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजले जाते: -३ ते -१५ म्हणजे १, +३ ते +१५ म्हणजे ०. आरएस-४८५ मध्ये दोन वायरींमधला फरक पाहतात. २०० मिलिव्होल्टही पुरतात. मोटारीचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच चढतो, फरक तसाच राहतो. म्हणून कमी वेगात ही लाइन १२०० मीटरपर्यंत जाते.

आता सप्लाय. चिपला ३ ते ५.५ व्होल्ट द्या. उणे व्होल्टेज ती स्वतः तयार करते: आतले स्विच बाहेरचे कपॅसिटर आधी सप्लायवर भरतात, मग त्यांची टोके बदलून दुसरीकडे रिकामे करतात. या चार्ज पंपाचे कपॅसिटर चिपला चिकटून बसवा. किंमत डेटाशीटच्या तक्त्यातून, तुमच्या सप्लायप्रमाणे घ्या. बाहेर काहीही न जोडता आरएस-२३२ रूप निवडा, शटडाउन पिन हाय करा आणि मल्टिमीटर लावा. चार्ज पंपाच्या व्ही+ पिनवर साधारण +५.५, व्ही- पिनवर -५.५ व्होल्ट दिसायला हवेत. हे दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग चार पिन मायक्रोकंट्रोलरला जोडा: रूप निवडणारी, हाफ-डुप्लेक्सची (एकाच जोडीवर आळीपाळीने बोलणे-ऐकणे), वेगाची आणि शटडाउनची. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) वेगाची पिन लो ठेवा. त्यामुळे सिग्नलचे चढ-उतार संथ होतात आणि लांब वायरीतले परावर्तन कमी होते. रूप बदलताना आधी शटडाउन लो, मग निवड, मग पुन्हा हाय. पंप स्थिरावायला मी पाच मिलिसेकंद देतो.

आरएस-२३२ ची चाचणी सोपी आहे. नऊ पिनी सॉकेटच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिन वायरीने जोडा, एक अक्षर पाठवा. तेच परत आले पाहिजे. लाइन शांत असताना ट्रान्समिट पिनवर उणे व्होल्टेज दिसेल. ते बरोबर आहे, कारण चिप सिग्नल उलटा करते.

आरएस-४८५ कडे जास्त वेळ द्या. इथे एकाच जोडीवर बोलायचे आणि ऐकायचेही असते, म्हणून बोलताना ड्रायव्हर (लाइनवर सिग्नल टाकणारा भाग) चालू आणि बोलून झाल्यावर लगेच बंद. बहुतेक घोळ इथेच होतो. यूआर्टचा (मायक्रोकंट्रोलरमधला बाइट पाठवणारा-घेणारा भाग) बफर रिकामा झाला म्हणजे शेवटचा बाइट वायरीवरून गेला असे नाही. ९६०० बॉडला तो जायला सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतात. बफर रिकामा दिसताच ड्रायव्हर बंद केला तर शेवटचा बाइट कापला जातो, चेकसम (संदेश नीट पोचला का हे तपासायचा आकडा) चुकतो आणि मीटर गप्प बसतो. त्यामुळे ट्रान्समिशन पूर्ण झाल्याचा फ्लॅग तपासा. उलट, ड्रायव्हर उशिरा बंद केला तर मीटरच्या उत्तरावर तुमचाच आवाज चढतो.

लाइनच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. सगळ्यांचा सप्लाय बंद करून दोन वायरींमध्ये मोजा, साधारण ६० ओहम यायला हवेत. डब्यातला रेझिस्टर मात्र जंपरवर ठेवा, कायमचा सोल्डर करू नका. ४८५ च्या रूपातली बसची जोडी २३२ च्या रूपात दोन स्वतंत्र ट्रान्समीटरची आउटपुट होते. रेझिस्टर तसाच राहिला तर ती दोन्ही एकमेकांना ओढतील.

उत्तर येत नसेल तर ए आणि बी वायरींची अदलाबदल करून पाहा, कारण ही नावे सगळे उत्पादक सारख्या अर्थाने वापरत नाहीत. ग्राउंडची तिसरी वायरही टाका. दोन उपकरणांच्या ग्राउंडमधल्या फरकामुळे लाइनचे व्होल्टेज रिसीव्हरच्या ग्राउंडच्या तुलनेत -७ ते +१२ व्होल्टच्या मर्यादेबाहेर गेले तर रिसीव्हर नीट ऐकेल याची खात्री नसते. लाइनवर कोणीच बोलत नसेल, अगदी वायर तुटली असेल, तरी ही चिप रिसीव्हरचे आउटपुट हायच ठेवते. त्यामुळे यूआर्टला खोटा स्टार्ट बिट (अक्षराची सुरुवात सांगणारा लो सिग्नल) दिसत नाही. म्हणजे शांत लाइनवर कचरा अक्षरे येत असतील, तर चिपला दोष देण्याआधी वायरिंग तपासा.